पडदा आतून, फ्लेक्स बाहेरून

"हा पक्षी मला शुक्रवारी इथे दिसता कामा नये," देशमुख मॅडम म्हणाल्या. त्यांच्या मागे तो पक्षी काचेवर आपटत होता. टक. टक टक. जरा दम खाल्ला. परत टक.

मी आणि केदार महाप्याला एका आयटी कंपनीच्या कॉन्फरन्स रूममध्ये उभे होतो. दुसरा मजला, एक अख्खी भिंत काचेची. मॅडम तिथल्या अ‍ॅडमिन हेड. प्रत्येक वाक्याआधी "आय विल बी व्हेरी फ्रँक" लावायची त्यांना सवय. शुक्रवारी परदेशातून गेस्ट येणार होते आणि त्यांची मीटिंग याच रूममध्ये होती.

आमचं काम बर्ड कंट्रोल. नाव भारी आहे, पण तुमच्या सोसायटीच्या डक्टला आणि बाल्कनीला कबुतरांसाठी जी जाळी असते ना, ती आम्ही लावतो. दोरावर लटकून. नवी मुंबईत जोवर कबुतरं आणि सोसायटीचे सेक्रेटरी आहेत तोवर आमचं पोट चालेल. पण हे कबुतर नव्हतं. काळा-पांढरा, मुठीएवढा, शेपटी उभी करून मिरवणारा गडी.

"दयाळ आहे," मी म्हटलं.

"ओरिएंटल मॅगपाय रॉबिन. मेल," त्याच वेळी केदार म्हणाला. "ब्रीडिंग सीझन आहे मॅडम. टेरिटोरियल अ‍ॅग्रेशन."

मॅडमनी केदारकडे बघून मान डोलावली. पक्षी एकच. पण माझा दयाळ कोणाला ऐकूच गेला नाही.

हे दिवाळीपासून चालू होतं. केदार दिवाळीला आमच्याकडे लागला. एमएस्सी झूलॉजी. उंच. वडापाव खाल्ला तरी शर्टावर चटणी पडत नाही. मी तासगावचा बीकॉम, त्याच्या आधीपासून दोरावर लटकतोय. माझी खासियत म्हणजे आवाज काढणं. शाळेत हेडसरांचा काढायचो, इथं आमच्या सावंत सरांचा काढतो. नाकावरचा चष्मा वर सरकवून "काय आहे माहितीये का..." एवढंच म्हटलं की ऑफिस आडवं होतं. पण हसवतो म्हणून प्रमोशन दिल्याचं मी कुठं ऐकलेलं नाही.

आणि प्रमोशन होतं. या कंपनीच्या महाप्यात तीन बिल्डिंगा. हे काम नीट झालं तर तिन्हींचं वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट आम्हाला मिळणार होतं, आणि सावंत सर आमच्यापैकी एकाला साइट इनचार्ज करणार होते. साइट इनचार्जला कंपनीची बाइक मिळते. ती मी मनात धुऊनपण ठेवली होती.

"पण तो आमच्या काचेवर का?" मॅडमनी विचारलं.

केदारनं समजावलं. आता कबूल करायला लागतं, चांगलं समजावलं. मी माझ्या भाषेत सांगतो. उन्हाळा लागला की दयाळाचा नर एक एरिया धरतो. चार झाडं, एक दिव्याचा खांब, थोडं गवत. पहाटे खांबाच्या टोकावर बसून गातो. आपल्याला ते गोड वाटतं. खरं तर तो एकाच गाण्यात दोन निरोप देतो. मादीला, "ये गं." बाकीच्या नरांना, "फूट." त्या एरियातले किडे म्हणजे त्याच्या पिल्लांचं जेवण. दुसरा नर आत शिरला तर किडे जातील, कदाचित मादीपण जाईल, आणि हा बिचारा दुसऱ्याची पिल्लं भरवत बसेल. म्हणून दुसरा दिसला की तुटून पडायचं. ज्यांनी "जाऊ दे ना" म्हटलं त्यांची पिल्लं फारशी झालीच नाहीत. आज जेवढे दयाळ गातात ते सगळे भांडकुदळ बापांचे.

हा हिशोब हजारो वर्षं बरोबर आला. मग महाप्यात काचेच्या बिल्डिंगा झाल्या.

काचेत त्याला दुसरा दयाळ दिसतो. खरा असता तर पळाला असता, नाहीतर मार खाल्ला असता. हा पळत नाही, दमत नाही. यानं शेपटी उचलली की तोपण उचलतो. यानं चोच मारली की तो बरोबर तिथंच मारतो. असा माज कोणी सहन करेल?

"आमच्या हाउसकीपिंगनी प्लास्टिकचं घुबड ठेवलं होतं," मॅडम म्हणाल्या. खरंच होतं, बाहेरच्या कठड्यावर. दयाळ त्याच्या डोक्यावर बसून काचेला चोच मारत होता. घुबडामुळे त्याची उंचीची सोय झाली होती.

केदार विचार करत होता. मला वाटलं, हा आता परत काहीतरी इंग्लिश बोलणार. मी घाई केली.

"मॅडम, ब्लाइंड्स पाडा. आतलं दिसायचं बंद झालं की जाईल."

"प्रवीण, थांब जरा," केदार म्हणाला. तोवर मॅडमनी बटण दाबलं होतं.

काळे ब्लाइंड्स घूं करत खाली आले. बाहेरची टकटक दुप्पट झाली.

आमच्या धंद्यातली ही साधी गोष्ट आहे, आणि मला ती माहीत होती, हे जास्त लागलं. काचेच्या ज्या बाजूला अंधार, ती बाजू आरशाच्या पाठीसारखी होते. घरात लाइट लावून खिडकीकडे बघा, बाहेर अंधार पडला असेल तर स्वतःचंच तोंड दिसतं. इथं बाहेर ऊन होतं. आत आधी थोडा उजेड तरी होता, त्यामुळे दयाळाला त्याचा दुश्मन पुसटसा दिसत होता. मी काळा पडदा लावून तो एचडी करून दिला.

केदारनं मला टोमणा मारला नाही. मारला असता तर बरं झालं असतं. "मी खाली जाऊन घरटं कुठं दिसतं का बघतो," एवढंच म्हणून गेला.

आता रूममध्ये मी आणि मॅडम. मला वाटलं, केदार वर यायच्या आत हा विषय संपवायचा.

"मॅडम, मी त्याचा आवाज काढतो," मी म्हटलं. "पलीकडच्या खिडकीतून शीळ घालतो. तो तिकडं येईल, काच विसरेल."

"तुम्हाला येतो?"

येतो का म्हणे! तासगावात शाळेमागच्या लिंबावर दयाळ बसायचा. मी वर्गात कमी आणि त्याच्यासमोर जास्त शिकलो. त्याच्या शिळेच्या शेवटी मी माझी एक गिरकी टाकतो. वर चढून पटकन खाली सोडायची. ती कुठल्या पक्ष्याची नाही, ती माझी.

मी कडेची छोटी खिडकी उघडली आणि शीळ घातली.

"वाव," मॅडम म्हणाल्या. त्या बिल्डिंगमध्ये मला मिळालेला पहिला वाव.

बाहेर टकटक थांबली. दयाळानं मान वाकडी केली. मी परत घातली, गिरकीसकट. मॅडमनी चक्क मोबाइल काढला. मी तिसऱ्यांदा, जरा जास्तच लांबवून.

मग जे झालं ते मला आधी सुचायला पाहिजे होतं. तो माझ्याकडे आलाच नाही. आत्तापर्यंत काचेतला दुश्मन मुका होता. मी त्याला आवाज दिला. दयाळ अंग फुगवून काचेवर असा आला की चोच, पंजे, छाती, सगळं एकदम आपटलं. परत. परत. काचेवर एक लाल रेघ उठली.

"इज दॅट ब्लड?" मॅडमनी मोबाइल खाली केला. "आय विल बी व्हेरी फ्रँक. हे मी सावंतांना सांगणार आहे."

सांगितलंच. माझी शीळ खालून ऐकून केदार धापा टाकत वर आला तेव्हा सर मॅडमच्या फोनवर, स्पीकरवर होते.

"काय आहे माहितीये का, क्लायंटच्या काचेला रक्त लागतं म्हणजे काय? कोणाची आयडिया ही?"

मी तोंड उघडलं. माझ्या आधी केदार बोलला.

"माझी, सर. मीच त्याला शीळ घालायला सांगितली. ट्रायल होती. पुढचं मी बघतो."

मग सर मऊ आवाजात म्हणाले, "ठीक आहे. चूक मान्य करायला हिंमत लागते."

तुम्हाला सांगतो, हुशार माणसाचा राग येणं सोपं असतं. "असेल हुशार, पण मनाचा कोता आहे," असं म्हणून झोपता येतं. आता हा मनानंपण मोठा निघाला. मी म्हणायचं काय?

खाली गेटवर म्हात्रे काका बसतात. सारसोळ्याचे, सिक्युरिटीत आहेत. त्यांनी केदारला घरटं आधीच दाखवलं होतं. कंपाउंडच्या भिंतीला जुन्या पाइपचं एक तोंड उघडं राहिलं होतं, त्याच्यात. दयाळ असल्याच भोकात घरटं करतो. आतून बारीक चिवचिव येत होती.

"ती बाय बगा," काका म्हणाले. "सकालपासना एकटीच राबते हाय. आनि नवरा वर काचेशी मारामारी करतोय. याला कोन सांगनार?"

मादी करड्या रंगाची, साधी. चोचीत किडा घेऊन आली, पाइपात शिरली, बाहेर आली, परत गेली. नर एकदाही फिरकला नाही.

"हे बरं नाही," केदार म्हणाला. "पिल्लांना भरवायचं काम दोघांचं असतं. ती एकटी किती पुरणार? कमजोर पिल्लू आधी जाईल." मग वर काचेकडे बघत म्हणाला, "लढतोय यांच्यासाठीच. आणि यांनाच द्यायला वेळ नाही."

माझा फोन खिशात थरथरत होता. सानपाड्याच्या सोसायटीचे सेक्रेटरी. त्यांच्या डक्टची जाळी आज मी बसवायची होती. तिकडं दुसऱ्याला पाठवून मी महाप्याला आलो होतो, केदार एकटा बाजी मारू नये म्हणून. मी फोन कट केला.

"बाहेरून साबण फासू," केदार म्हणाला.

हाच खरा उपाय. काच आतून कितीही झाका, बाहेरच्याला आरसाच दिसतो. चमक बाहेरून मारावी लागते. साबणाचा घट्ट फेस, खडूची पूड, काहीही चालतं. मी हार्नेस घातला, टेरेसवरून दोर सोडला आणि बादली कमरेला बांधून काचेवर उतरलो. हे काम माझं. केदारला उंचीवर चक्कर येते. एवढी एकच गोष्ट देवानं माझ्यासाठी राखून ठेवली आहे.

दयाळानं मला शिव्या दिल्या, दोनदा हेल्मेटवर आला, मग खांबावर जाऊन बसला. मी पहिली रक्ताची रेघ पुसली, मग काच पांढरी केली. मी दोरावर जरा बाजूला सरकल्यावर तो परत कठड्यावर आला. इकडून बघितलं, तिकडून बघितलं. दुश्मन गायब. अंग फुगवलं, शेपटी ताठ केली आणि असा काही गायला की जसं यानंच पळवलं. मग खाली गवतात उतरला आणि एक किडा उचलला.

मी दोरावर लटकून टाळ्या वाजवणार होतो. तेवढ्यात समोरचे ब्लाइंड्स वर गेले. फेसाच्या पलीकडे मॅडम.

"हे काय? शुक्रवारी गेस्टना मी ही घाण दाखवू? धुऊन टाका."

केदारनं सांगून बघितलं. पिल्लं उडेपर्यंत मॅडम, थोडेच दिवस. मॅडम ऐकेनात. सावंत सरांना परत फोन गेला आणि या वेळी सर स्वतः यायला निघाले. मॅडम म्हणाल्या, सर येईपर्यंत ठेवा, मग काच साफ पाहिजे. काच धुतली की टकटक चालू. टकटक चालू की पिल्लू उपाशी, कॉन्ट्रॅक्ट गेलं, बाइकपण गेली.

आम्ही गेटवर काकांच्या खुर्चीजवळ कटिंग घेऊन उभे होतो. केदारचं तोंड पडलेलं. मला त्याचं पडलेलं तोंड बघायची सवय नव्हती. बघून मजा यायला पाहिजे होती, पण नीट येईना. म्हणून मी मॅडमचा आवाज काढला. मान तिरकी, एक हात हवेत.

"आय विल बी व्हेरी फ्रँक. साबण नको. माझ्या फोटोचा वेलकम फ्लेक्स लावा, काचेएवढा. हात जोडलेला. 'आपले हार्दिक स्वागत.' हा पक्षी काय, कबुतराचीपण हिंमत होणार नाही इकडं फिरकायची."

काका खुर्चीतून पडायचे राहिले. केदार चहा सांडेपर्यंत हसला. त्याच्या शर्टावर डाग पडला. तो मी डोळे भरून बघितला. मग तो हसायचा थांबला.

"प्रवीण. फ्लेक्स."

"काय?"

"फ्लेक्स लाव ना खरंच. बाहेरून. गेस्टचं वेलकम. काच झाकली जाईल आणि मॅडमपण खूश."

नवी मुंबईत राहतो मी. नाक्यानाक्यावर वाढदिवसाचे फ्लेक्स बघत कामाला जातो. मलाच माझी थट्टा कामाची आहे हे कळलं नाही, आणि त्याला कळलं.

सर आले. केदारनं सर आणि मॅडमसमोर प्लॅन सांगितला. मॅट फिनिशचा फ्लेक्स घ्यायचा, कारण चकचकीत घेतला तर त्याच्यातपण दयाळ स्वतःला बघेल. त्याच्यावर गेस्टचं स्वागत आणि दयाळाचा मोठा फोटो. म्हणजे कंपनी निसर्ग सांभाळते हेपण दिसेल. मॅडमचा चेहरा उजळला.

"आणि सर, ही आयडिया प्रवीणची आहे," केदार म्हणाला.

सरांनी चष्मा वर सरकवला. "बघा. मॅडम, बघा. काय आहे माहितीये का, स्वतःचं क्रेडिट टीमला देणारी मुलं आता राहिली नाहीत."

"नाही सर, खरंच त्याची आहे."

"बघा!" सर जवळजवळ गहिवरले.

मी शेजारीच उभा होतो. हातात हार्नेस. मॅडमनी माझ्याकडे बघून असं स्माइल दिलं, जसं आपण बर्थडेला आलेल्या शेजारच्या मुलाला देतो.

फ्लेक्स छापून आला. वर वेलकम, मधे दयाळ, आणि खाली कोपऱ्यात मॅडमच्या आग्रहानं "आमचे पक्षीतज्ज्ञ" म्हणून केदार. गळ्यात दुर्बीण, सगळे दात बाहेर. मी दोरावर लटकून साबण धुतला आणि तो फ्लेक्स ताणून बांधला. केदारच्या दातांशेजारची गाठ मी जरा जास्तच आवळली, त्यामुळे एका बाजूला सुरकुती आली. वाऱ्यानं आली असेल.

शुक्रवारी गेस्ट आले. मीटिंग राहिली बाजूला, सगळे खाली उतरून पाइपाचे फोटो काढत होते. नर चोचीत सुरवंट घेऊन येत होता, मादी निघत होती, हा शिरत होता. दोघांची ड्यूटी बरोबर लागली होती. मॅडम गेस्टना सांगत होत्या, "अवर बर्ड." कॉन्ट्रॅक्ट मिळालं. साइट इनचार्ज केदार झाला. बाइकची चावी सरांनी त्याला माझ्यासमोर दिली आणि मी टाळ्या वाजवल्या. मी टाळ्यापण चांगल्या काढतो.

तो संध्याकाळी मला खांदेश्वरला रूमवर सोडतो. मी नको म्हणतो. मग बसतो. मागची सीट चांगली आहे.

पिल्लं उडाली. तीन होती, तिन्ही उडाली. मग फ्लेक्स काढून तिथं कायमची मॅट फिल्म लावायची होती, तीपण बाहेरूनच. मी दोरावर, केदार खाली. दयाळाला फ्लेक्सची वरची दोरी फार आवडली होती, रोज तिथंच बसायचा, त्यामुळे केदारच्या फोटोवर कपाळापासून दातांपर्यंत पांढरे ओघळ आले होते. ते पुसून फ्लेक्सची घडी घालायचं कामपण माझ्याच वाट्याला. मी कुरकुर केली नाही. नीट, सावकाश, एकेक ओघळ बघत पुसलं.

दयाळ खांबावर बसून गात होता. एक लकेर झाली. दुसरी झाली. आणि तिसरीच्या शेवटी एक गिरकी. वर चढून पटकन खाली.

माझा हात थांबला. परत आली. तीच.

दयाळ दुसऱ्यांचे आवाज उचलतो, हे मला केदारनंच सांगितलेलं. जेवढी गाण्यात व्हरायटी तेवढा नर भारी, असं म्हणे मादीला वाटत असावं. नक्की माझीच गिरकी होती का, हे मी शपथेवर सांगणार नाही. पण मी खाली बघितलं.

केदार मान वर करून उभा होता.

"तुझी आहे ती," तो म्हणाला. "मी एमएस्सीला दोन वर्षं यांच्या मागे फिरलो. मला एकानं कधी ढुंकून बघितलं नाही." आणि त्याच्या तोंडावर काहीतरी आलं. बारीकसं, ओठाच्या कडेला. लगेच हसून त्यानं ते झाकलं. दुसऱ्या कोणाला दिसलं नसतं. मला दिसलं. दिवाळीपासून मी तेच तोंड घेऊन फिरत होतो.

"मला शिकव ना रे ती शीळ," तो म्हणाला.

"शिकवतो की," मी वरून म्हटलं.

अजून शिकवलेली नाही. बघू.

तुमच्या खिडकीवर कधी दयाळ टकटक करायला लागला तर आम्हाला फोन करायची गरज नाही. ओरडू नका, घुबड आणू नका. बाहेरून साबण फासा आणि पिल्लं उडेपर्यंत कळ काढा. फक्त आतून पडदा लावू नका. आतून झाकलं की समोरचा जास्तच स्पष्ट दिसतो.